दोन दिवसांची मुंबई

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडी ‘मुंबई बघायला चाललो’ हे वाक्य सहसा येत नाही. तो ‘मुंबईला जातो’. कामधंद्याला जातो, डोळ्यांच्या ऑपरेशनला जातो, पुतण्याच्या लग्नाला जातो, नातवाच्या बारशाला नाहीतर कुणाच्या बाराव्याला जातो. काम उरकले की परतीच्या गाडीत बसतो. दिल्ली बघायला जातात, काशी-रामेश्वर बघायला जातात, हल्ली तर सिंगापूरही बघून येतात. मुंबई मात्र बघायची गोष्टच नाही. ती आपलीच, तिच्यात काय बघायचे?

आमच्याकडच्या एका बचतगटातल्या अकरा बायकांनी मात्र मुंबई ‘बघायची’ ठरवली आणि दोन दिवसांचा बेत आखून द्या म्हणून माझ्याकडे आल्या. निवृत्त मास्तरकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, तसेच हे. त्यांची यादी तयारच होती: गेटवे, ताज हॉटेल, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी, नटांचे बंगले. तिघी बौद्धवाडीतल्या, त्यांनी चैत्यभूमी पहिल्या नंबरावर लिहिली होती. मी यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येकीला एकच विचारले, तुमच्या घरातले मुंबईत कोण होते आणि कुठे राहत होते? अकरापैकी नऊ जणींनी झटकन नावे सांगितली. लालबाग, काळाचौकी, शिवडी, डिलाईल रोड, वरळी, गिरगाव. एकीचा नवरा सव्वीस वर्षे गिरणीत होता. ती दोनदा मुंबईला गेली होती, दोन्ही वेळा आजारपणात. म्हणाली, “गुरुजी, मी मुंबई बगितली ती खोलीच्या खिडकीतनं. आनि खिडकीसमोर गिरणीची भिंत होती.”

हे ऐकल्यावर माझा बेत बदलला. ज्या मुंबईत आपल्या घरातल्या माणसाचे आयुष्य गेले, ती या बायकांनी आधी बघावी. बाकीची वेळ उरला तर.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय बेताचा क्रम कळायचा नाही. मुंबईच्या जुन्या जनगणना उघडल्या की शहरात बाहेरून आलेल्या लोकांत रत्नागिरी जिल्हा सतत सगळ्यात वर दिसतो. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून. वाटणी १ मे १९८१ ला झाली. पुरुष तिकडे आणि बायका, म्हातारे, पोरे, भाताची खाचरे इकडे. याची खूण अजून पुसलेली नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्यात इतका आकडा दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याचा नव्हता. काही लोक हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात, मुलींना जगवणारा जिल्हा म्हणून. त्यातही काही तथ्य असेल, पण मला त्यात आधी मनीऑर्डर दिसते.

आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावर तीन वाटा मिळतात. एक मुंबईकडे, एक पालीवरून गोवा-कोल्हापूरकडे आणि एक रत्नागिरीकडे. मुंबई उत्तरेला आहे, पण आमच्या आजोबांच्या पिढीला मुंबई गाठायची तर पश्चिमेच्या वाटेने रत्नागिरीच्या बंदरावर जावे लागे. उत्तरेकडे एकामागून एक खाड्या, त्यांवर पूल नाहीत. बंदरात बोट लांब उभी राही, पडावातून तिच्यापर्यंत जायचे, आणि दर्या खवळलेला असला की पडावातून बोटीवर चढणे हीच परीक्षा. पावसाळ्यात बोट बंद. तेव्हा गावात आलेला माणूस अडकला तर नारळी पौर्णिमेपर्यंत अडकला. बोटींना कंपनीने रामदास, तुकाराम, रोहिदास अशी संतांची नावे दिली होती. त्यांतल्या दोन बुडाल्या. १९२७ च्या नोव्हेंबरातल्या वादळात ‘तुकाराम’ आणि तिच्याबरोबर ‘जयंती’ गेली. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि मुंबईच्या तोंडाशीच उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. शाळेच्या पुस्तकांत त्या वर्षी दुसरेच मोठे प्रकरण असल्यामुळे हे बसले नाही.

पुढे रस्ता झाला, खाड्यांवर पूल झाले, यष्टी आली. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सलग धावू लागली. रत्नागिरी स्टेशन शहराच्या अलीकडे, आमच्या बाजूलाच आहे. रात्री गाडीत बसले की पहाटे मुंबई. आता ‘वंदे भारत’सुद्धा २०२३ पासून आहे. मुंबई इतकी जवळ आली तरी बघायची राहिली ती राहिलीच.

मराठी माणसाला शहर बघायची दृष्टी नव्हती असे मात्र कुणी समजू नये. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. मराठीतले एका शहरावरचे हे पहिले मोठे पुस्तक. माडगावकर मूळचे गोव्यातल्या मडगावचे, लहानपणी मुंबईला आलेले आणि पेशाने शिक्षक. (ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहितो.) त्यांनी बाजार, धक्के, देवळे, दवाखाने, शाळा, जातीजमाती, सणवार सगळे फिरून पाहिले आणि लिहून ठेवले. वेळही नेमकी साधली. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या आज्ञेने कोटाच्या भिंती पाडायचे काम सुरू झाले होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव होता आणि शहर रोज बदलत होते. पुढे १८८९ मध्ये बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मराठीत मुंबई दाखवणारी दोन जाडजूड पुस्तके होती.

पण ती वाचून मुंबई बघायला सवड हवी. गिरणीत ती कुठली? मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर तीसहून अधिक वर्षे गिरणी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुटीच नव्हती. यंत्रे साफ करायला थांबतील तेवढाच काय तो विसावा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. आपण रविवार हा देवाने दिला आहे असे समजतो. तो लोखंड्यांनी मिळवून दिलेला आहे. तरीही बाकीच्या सहा दिवसांचे काय? १९११ च्या कायद्याने पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. ‘आणला’ म्हणजे त्याआधी तो याहूनही लांब होता! खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, आणि उरलेल्या रविवारी कपडे धुवायचे, गावच्या मंडळाच्या बैठकीला जायचे, पत्र लिहून घ्यायचे. फार तर राणीच्या बागेत चक्कर. मुंबई ज्यांच्या श्रमावर चालली त्यांना मुंबई बघायला आठवड्याकाठी एक दुपार होती.

त्यातली खोली हा प्रकार आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. गावाची म्हणून एक खोली असे. दहा बाय बाराच्या जागेत एकाच गावचे पंधरा-वीस गडी. प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. गावाहून नवा पोरगा आला की आधी तिथेच उतरणार, कामाला लागेपर्यंत बाकीचे त्याला पोसणार. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, शिमग्याची पालखी यांचे पैसे या खोल्यांतून आले. अजूनही आमच्याकडे गावाच्या कमिटीबरोबर ‘मुंबई कमिटी’ असते आणि देवळाच्या कामात तिचा शब्द जड असतो. २०२५ साली ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावे अशी सूचना सरकारी पातळीवर झाली. हेतू चांगला असेल. पण मला ‘चाकरमानी’ शब्दात कमीपणा कधी वाटला नाही. चाकरी करून मान राखलेला माणूस, असाच मी तो वाचत आलो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरत गेला. माणसे गावी परत आली. काहींनी खोल्या विकल्या आणि डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार गाठले. आज आमच्या गावातले कोणाचेही मुंबईचे नातेवाईक विचारा, पत्ता मुंबईच्या बाहेरचाच निघतो. गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे मनोरे आले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीचे नाव तेवढे मॉलला उरले. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. त्यांचा पुनर्विकास चालू आहे आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या घरात लोक गेले. त्याबद्दल हळहळ वाटायचे काही कारण नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे न राहिलेल्या माणसानेच चाळीच्या आठवणीने गहिवरावे. पण बघायचे असेल तर आता बघायला हवे, एवढे खरे.

आता बेत.

पहिला प्रश्न राहायचे कुठे. नातेवाइकांकडे राहिले तर पैसे वाचतात, पण विरारहून किंवा डोंबिवलीहून येण्याजाण्यात दिवसाचे चार तास जातात. दोन दिवसांच्या मुंबईत हे परवडत नाही. शिवाय एकीच्या भावाकडे उतरायचे तर दुसरीच्या दिराला राग. म्हणून एक रात्र दादरला साध्या लॉजमध्ये, आणि नातेवाइकांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कवर भेटायला बोलवायचे. हा तोडगा बायकांना ताबडतोब पटला. त्यांच्या भावांना पटवणे त्यांच्याकडे.

वार कोणता? घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग आणि तिच्याशेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. म्हणून गुरुवार-शुक्रवार. गणपती आणि शिमगा टाळायचा, त्या दिवसांत सगळी मुंबई इकडे येत असते आणि तिकीट मिळत नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, त्याच दिवशी सकाळी काढायचे. पावसाळी वेळापत्रक वेगळे असते तेही बघून ठेवायचे.

बुधवारी रात्री रत्नागिरीहून कोकणकन्या, गुरुवारी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. आपले लोक या स्टेशनातून शेकडो वेळा बाहेर पडले, पण मागे वळून कोणी बघितले नाही, कारण टॅक्सी पकडायची घाई. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जायचे आणि तिथून शांतपणे बघायचे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी ती बांधली, १८७८ ला काम सुरू होऊन दहाएक वर्षे लागली. दगडात कोरलेली पाने, पक्षी, माकडे, चेहरे यांत जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. २००४ पासून जागतिक वारसा. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची.

अंघोळ-चहा झाल्यावर भाऊचा धक्का. हा माझा हट्ट. तिथे बघण्यासारखी इमारत नाही, मासळीचा वास आणि ओरडा आहे. पण भाऊ अजिंक्य यांच्या नावाचा हा धक्का म्हणजे कोकणचा जुना दरवाजा. जागा पूर्वीची नेमकी हीच नव्हे, नाव मात्र तेच चालत आले. मासळीचा लिलाव चाललेला असताना गेले तर बायका तिथून लवकर हलणार नाहीत, हे धरूनच वेळ ठेवला आहे.

तिथून भायखळा. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. आत मुंबईचे जुने नकाशे, मातीच्या बाहुल्यांतून दाखवलेल्या जातीजमाती आणि व्यवसाय, गलबतांच्या प्रतिकृती. माडगावकरांच्या पुस्तकाला चित्रे असती तर ती अशी असती असे मला नेहमी वाटते. आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला ‘एलिफंटा’ नाव पडले ते याच्यामुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला तेव्हा तुटला, म्हणून इथे राहिला. हा हत्ती बघितला की घारापुरीच्या लाँचचा अर्धा दिवस वाचतो असे मी बायकांना सांगितले. हे काही खरे उत्तर नव्हे, लेणी ती लेणीच. पण दोन दिवसांत सगळे बसत नाही.

दुपारनंतर फोर्ट. हुतात्मा चौकात अर्धा तास तरी थांबावे. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ माणसे गेली असे आपण म्हणतो, त्यांत गिरणीतले होते, हमाल होते, विद्यार्थी होते. शेजारचे फ्लोरा फाउंटन १८६४ चे, म्हणजे कोटाच्या भिंती गेल्या त्याच काळातले. मग राजाबाई टॉवर बाहेरून, आणि संध्याकाळी गेटवे. गेटवे वगळायचे माझ्या मनात होते, पण बायकांनी एकमताने ठराव फेटाळला. ठीक आहे. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून गेली, तेवढे सांगेन आणि फोटो काढून देईन.

शुक्रवारी सकाळी गिरगाव. हल्ली यासाठी भुयारी मेट्रो फार सोयीची झाली आहे. आरे ते कफ परेड हा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे, आणि त्याच्या स्टेशनांची नावे वाचली तरी अर्धा इतिहास होतो: हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव, जगन्नाथ शंकरशेट, आचार्य अत्रे चौक, सिद्धिविनायक, दादर. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. टिळक तिथे १९०१ मध्ये येऊन गेले. आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात वारले आणि त्यांच्यावर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तिथे पुतळा आहे. चाळीच्या आवारात जाताना मात्र आवाज कमी ठेवायचा. लोक तिथे राहतात, ते काही संग्रहालय नव्हे.

दुपार मी मोकळी ठेवली आहे. प्रत्येकीने आपापल्या घरातल्या माणसाचा पत्ता कागदावर लिहून आणायचा: चाळीचे नाव, खोली नंबर, गिरणीचे नाव. जुन्या आंतरदेशीय पत्रांवर, पगाराच्या पावत्यांवर सापडेल. लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड ही सगळी ठिकाणे पायी आणि बेस्टच्या बसने होण्यासारखी आहेत. काही चाळी असतील, काहींच्या जागी पत्र्याचे कुंपण असेल. वरळीचे पत्ते असणाऱ्या दोघींनी आचार्य अत्रे चौकात उतरायचे. सव्वीस वर्षांवालीचा नवरा २०१४ मध्ये वारला, तिच्याकडे गिरणीचा बिल्ला आहे. तो घेऊन येते म्हणाली. जेवण त्याच भागातल्या एखाद्या खानावळीत. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा’ म्हणून संघटित केले. बचतगटातल्या बायकांना ही गोष्ट गेटवेपेक्षा जवळची वाटेल अशी माझी अटकळ आहे. परतताना लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत जास्तीत जास्त पाऊण तास. यावर वाद झाला, एक तास ठरला.

चार-साडेचारला चैत्यभूमी, मग बाजूचाच शिवाजी पार्क. बाबासाहेबांचे घराणे आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, हे बौद्धवाडीतल्या तिघींना पाठ आहे. बाकीच्या आठ जणींतल्या सहांना माहीत नव्हते. तिथे कोणी काय सांगायचे ते मी त्या तिघींवरच सोपवले आहे.

महालक्ष्मी आणि जुहू यादीतून गेले. सिद्धिविनायक दादरजवळच असल्यामुळे शुक्रवारी पहाटे पाचला उठणाऱ्यांसाठी राहिला. नटांचे बंगले बाहेरून बघायला काय मिळते? फाटक आणि पहारेकरी. तेही गेले.

परतीची कोकणकन्या दादरलाही थांबते, पण तिथे दोन मिनिटांत अकरा जणी आणि मसाल्याच्या पिशव्या चढवायच्या म्हणजे कठीण. म्हणून दादरहून तासभर आधी लोकल पकडून सीएसएमटीलाच जायचे. गाडी तिथूनच सुटते, सामान नीट लावता येते, आणि रात्री इमारतीवर दिवे लावलेले असतात.